कोकणात उघड्यावर, लाकडांवर स्वयंपाक: तेल कमी आणि पोटाला बरं असं काय करता येईल?

रानजाई (९ डिसेंबर, रात्री ९.२०)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नऊ जण आंजर्ल्याजवळ मावसभावाच्या वाडीत दोन रात्री तंबू लावून राहणार आहोत. वाडीत नारळ, सुपारी, थोडे काजू आहेत. समुद्र चालत सात-आठ मिनिटांवर. विहीर आहे, घर बंद असतं. स्वयंपाक मला मुद्दाम लाकडांवर करायचा आहे.

गेल्या वर्षी असेच दुसरीकडे गेलो होतो. तिथे शेकोटी म्हणजे जाळीवर काळं केलेलं चिकन, लोण्यात बुडवलेलं पनीर आणि मध्यरात्री भूक लागली की मॅगी. दुसऱ्या दिवशी बाबांची साखर चढलेली आणि धाकटीचं पोट बिघडलेलं. मला फार वाईट वाटलं. दारात मासळी, शेंगा, कंद, नारळ असताना आम्ही पुण्याहून पाकिटं घेऊन गेलो होतो.

बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. वहिनी शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलं ६ आणि ९ वर्षांची. बाकी सगळे सगळं खातात. दोन रात्रीची जेवणं आणि मधल्या सकाळची न्याहारी एवढं ठरवायचं आहे. तेल-तूप नावापुरतं, मीठ बेताचं, भांडी कमी. छोटी गॅसची शेगडी बरोबर आहे, पण ती अडीअडचणीला. तुम्ही स्वतः केलेलं सांगा.

आगरवाट (९ डिसेंबर, रात्री १०.०५)

पोपटी! दुसरं काही सुचवायचा प्रश्नच नाही.

आमच्याकडे अलिबाग, पेण, पनवेल भागात थंडी पडली की शनिवारी रात्री कुणा ना कुणाच्या शेतात पोपटी लागतेच. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि त्याच्या शेंगा जानेवारीत छान भरलेल्या असतात. तारीख अगदी नेमकी धरली आहेस.

मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला. काही गावांत भामरुड म्हणतात. उग्र वासाची, बांधावर आपोआप उगवते. त्यावर धुऊन निथळलेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे, हवी तर अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा गच्च कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांतलं आणि पाल्यातलं पाणी आहे, त्याच वाफेवर सगळं शिजतं.

मडकं उपडं ठेवून भोवती आणि वर झावळ्या, पेंढा, गवऱ्या, काटक्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास जाळ हलू द्यायचा नाही. झाली का कळायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन पाणी क्षणात आटलं की काढायची. वहिनींचं मडकं वेगळं लावा, म्हणजे त्यांना निवडत बसावं लागणार नाही.

इस्तो (९ डिसेंबर, रात्री १०.३०)

इस्त्यात भाजलेलो सुको बांगडो आणि उकड्या तांदळाची पेज. आणि काय व्हया माणसाक?

हिरवाचाफा (९ डिसेंबर, रात्री ११.१२)

इस्तो, चवीबद्दल वादच नाही, पण रानजाईच्या बाबांना सुकी मासळी नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. खारवलेल्या बांगड्याचे चार घास त्यातला मोठा वाटा उचलतात.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पोपटी बाबांसाठी खरोखर चांगली आहे. वालात प्रथिनं आणि तंतू भरपूर, साखर हळूहळू वाढते. मीठ बरंचसं सालीला लागतं, त्यामुळे शेंग तोंडात धरून ओढण्यापेक्षा त्यांनी सोलून दाणे खावेत. रताळ्याची मात्र एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. तेच रताळं उकडलं तर साखर सावकाश वाढते आणि निखाऱ्यात खूप वेळ भाजलं तर पटकन वाढते. बाबांना भाजलेल्या रताळ्याच्या एक-दोन फोडीच द्या.

दुसरं म्हणजे जाळीवरचं मांस. चरबी ज्वाळेवर ठिबकते, तिचा धूर होतो आणि तो धूर मांसावर बसतो. काळ्या पडलेल्या भागात आणि त्या धुरात कर्करोगाशी संबंध असलेली रसायनं असतात. वर्षातून एकदा खाल्लं म्हणून कुणी घाबरून जायला नको, पण टाळणं सोपं आहे. ज्वाळेवर काही भाजू नका. लाकूड जळून निखारे होऊ द्या, त्यांच्यावर राखेची पांढरी साय येऊ द्या आणि मग पदार्थ ठेवा. आंबट आणि हळद लावून मुरवलं, पानात गुंडाळलं, मधूनमधून उलटलं तर आणखी चांगलं. आपल्या आज्या हे सगळं करतच होत्या.

सागरगोटा (१० डिसेंबर, सकाळी ८.१५)

@आगरवाट मडकं तडकत नाही का? आम्ही एकदा केली होती, मडक्याचे दोन तुकडे झाले आणि शेंगांचा कोळसा.

आगरवाट (१० डिसेंबर, सकाळी ८.४०)

नवं कोरं होतं का? किंवा आदल्या रात्री पाणी भरून ठेवलेलं? मातीत ओल मुरलेली असली की जाळ लागताच तडकतं. जुनं मडकं घ्यायचं, दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवायचं आणि पहिली पाच मिनिटं जाळ हलका ठेवायचा.

माजघर (१० डिसेंबर, दुपारी १.५०)

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, रानजाई, राग मानू नकोस.

माझ्या आईने संगमेश्वरकडच्या घरात पस्तीस वर्षं चुलीवर रांधलं. पावसाळ्यात लाकडं ओली, स्वयंपाकघराला एक हातभर खिडकी, आणि ती फुंकणी घेऊन खाली वाकलेली. आम्ही शाळेतून आलो की धुरातून आधी तिचा खोकला ऐकू यायचा, मग ती दिसायची. पन्नाशीत धाप लागायला लागली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "विडी ओढता का?" तिला इतकी लाज वाटली त्या प्रश्नाची. आयुष्यात तिने विडी हातात धरलेली नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा आमच्या वाडीत बऱ्याच घरी पहिल्यांदा सिलिंडर आला. आईकडे त्याआधी दोन वर्षं आला होता. आजही ती शेगडीच्या बटणाला हात लावताना एक क्षण थांबते.

म्हणून "चुलीवरचं म्हणजे आरोग्याला चांगलं" असं वाचलं की मला आत काहीतरी टोचतं. जेवण चांगलं असेल. धूर चांगला नसतो, आणि तो रांधणारीच्या छातीत जातो, जेवणाऱ्याच्या नाही. तुम्ही जरूर करा, फक्त मुलांना हे सांगा.

रानजाई (१० डिसेंबर, दुपारी ३.१०)

माजघर, राग कसला? वाचून सुन्न झाले. माझ्या आजीचं असंच होतं आणि मी कधी या बाजूने विचार केला नव्हता. मुलांना नक्की सांगेन. आईंना नमस्कार सांग.

हिरवाचाफा (१० डिसेंबर, संध्याकाळी ५.००)

माजघर यांच्याशी पूर्ण सहमत. बंद खोलीतला रोजचा धूर आणि मोकळ्या हवेतली वर्षातली दोन रात्रींची चूल यांत फार अंतर आहे, तरीही धूर तो धूरच. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब बसावं. लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. निखाऱ्यावर रांधायचं हा आग्रह मी त्यासाठीही धरते. सगळा धूर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात होतो, तेव्हा चुलीजवळ कुणी बसायची गरजच नाही.

कातळमाथा (१० डिसेंबर, रात्री ८.२५)

लाकडाचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण यात लोक जिवावरच्या चुका करतात.

किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं गोळा करून जाळू नका. समुद्राचं मीठ मुरलेलं लाकूड जळताना क्लोरिनची विषारी संयुगं सुटतात. मोडक्या होडीच्या रंगवलेल्या फळ्या, प्लायवुड, तेलाचे डाग असलेली खोकी, यांतलं काहीही अन्नाखाली नको. कण्हेरीची काठी सळईसारखी वापरून त्यावर काही भाजू नका, सगळं झाड विषारी असतं. काजूबियांची टरफलंही जाळात टाकू नका. त्यातल्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळे जाळतो.

सुकलेलं आंब्याचं, सुरूचं, ऐनाचं लाकूड चालेल. सगळ्यांत उत्तम म्हणजे नारळाच्या करवंट्या. धूर नगण्य, निखारा खणखणीत आणि बराच वेळ टिकतो. सोडणं (नारळाची वाळकी सालं) पेटवायला घ्या. झावळी भडकते आणि विझते, पोपटीसाठी ठीक, पण तिच्यावर भाकरी भाजायला जाल तर फसाल. चुलीला दगड कोरडे घ्या. ओढ्यातले, पाणी प्यालेले दगड तापले की आतल्या वाफेने फुटतात आणि कपचा तोंडावर उडतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तोही वाळलेलाच हवा.

आणि सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर), वाळल्या गवतात चूल पेटवू नका. हात जोडून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सड्यावर फिरायला आलेल्या कुणीतरी शेकोटी केली आणि अर्धवट विझवून निघून गेले. दुपारी वारा सुटला. माझ्या चुलत्यांची एकशे चाळीस काजूची झाडं गेली, मोहोर आलेली. माणसं झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन संध्याकाळपर्यंत धावत होती. चुलते त्या रात्री जेवले नाहीत. जागा चारही बाजूंनी दोन हात साफ करा, पाण्याची बादली हाताशी ठेवा.

पोफळवाट (१० डिसेंबर, रात्री ९.१०)

कातळमाथा यांना जोडून एक. शेकोटी वाळू टाकून विझवू नका. निखारे वाळूखाली तासन् तास धगधगत राहतात आणि वरून काही दिसत नाही. माझी पुतणी चार वर्षांची असताना सकाळी अनवाणी त्यावरून धावली. दोन्ही तळपाय भाजले, तीन आठवडे तिला उचलून फिरवलं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते पाहा.

भरती_ओहोटी (१० डिसेंबर, रात्री १०.००)

रानजाई, तू वाडीत करणार आहेस हे फार बरं. मुलं "बीचवर शेकोटी" मागतील, तेव्हा त्यांना कासवांची गोष्ट सांग.

आंजर्ले, केळशी, वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हंगाम. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर हे काम उभं केलं, मग ते इतर गावांत पसरलं. मादी रात्रीच्या अंधारात वर येते आणि उजेड, हालचाल दिसली की अंडी न घालता परत फिरते. पिल्लं सगळ्यांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालत जातात. निसर्गात ते क्षितिज समुद्राचं असतं. शेकोटी असली की ती तिच्याकडे चालतात. वाळूवर नुसतं अनवाणी फिरा, टॉर्चही विझवा.

रानजाई (१० डिसेंबर, रात्री १०.२०)

ठरलं. किनाऱ्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. धाकटीला आत्ताच सांगितलं, तिने लगेच कासवाचं चित्र काढायला घेतलं आहे.

खाडीपल्याड (११ डिसेंबर, सकाळी ७.३०)

मासळीचं मी सांगतो. आंजर्ल्याला असाल तर खाडी ओलांडली की हर्णे बंदर. संध्याकाळचा लिलाव बघाच, मुलांना मजा येईल. जानेवारीत बांगडा मिळेल. तेलकट मासा आहे, ओमेगा-३ भरपूर, वरून तेल लावायची गरजच नाही.

पोट साफ करून तिरक्या चिरा द्या. हळद, आलं-लसूण, मिरची, चार-पाच तिरफळं (आतली काळी बी काढून, ठेचून) आणि आमसुलाचं घट्ट पाणी लावा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका, त्यात आधीच असतं. केळीचं पान आधी जाळावर धरून मऊ करा, नाहीतर घडी घालताना फाटतं. दोन पानांत गुंडाळा, केळीच्या सोपाच्या दोरीने बांधा, निखाऱ्यावर ठेवा. एका बाजूला आठ-दहा मिनिटं. बाहेरचं पान जळेल, जळू द्या. हळदीचं पान याला अप्रतिम लागतं, पण जानेवारीत हिरवं मिळणं कठीण.

ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी आणू नका. आंबट आणि खारट पदार्थात तो धातू उतरतो, आणि पान दारात आहे.

आता महत्त्वाचं. बांगडा उन्हात, उबेत राहिला तर त्याच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते भाजून, उकडून, तळून जात नाही. मी स्वतः अनुभव घेतला आहे. वास ठीक होता, चव थोडी झणझणीत लागली, ती मला तिरफळाची वाटली. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, अंगभर खाज, छाती धडधडतेय. तेव्हा बर्फाचा डबा घेऊनच बंदरावर जा. मासा हातात आला की बर्फात, आणि चुलीपाशी निखारे तयार झाल्यावरच बाहेर.

तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्याही सोप्या. तवा निखाऱ्यावर, तिसऱ्या त्यात, वर झाकण. आपोआप उघडतात. शिजवूनही जी उघडली नाही ती फेकून द्या, सुरीने उघडत बसू नका.

इस्तो (११ डिसेंबर, सकाळी ९.००)

बरा. बाबांका ताजो बांगडो, सुको माझ्याकडे पाठवा.

पाटपाणी (११ डिसेंबर, दुपारी १२.४५)

मासळीचं झालं, आता आम्हा शाकाहाऱ्यांचा वाली कोण? वहिनींची बाजू मी घेते.

पहिल्या रात्री सगळे दमलेले असतील. तेव्हा कुळथाची पिठी. घरून पीठ न्यायचं. पाण्यात लसूण, मिरची, आमसूल, मीठ, उकळी आली की कालवलेलं पीठ ओतायचं आणि ढवळत राहायचं. दहा मिनिटं, एक पातेलं. फोडणी हवीच असेल तर चमचाभर तेलात. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि थंडीत पिठीसारखी ऊब कशालाच नाही. बरोबर नाचणीची भाकरी. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, मुलांना आणि बाबांना दोघांनाही उत्तम.

न्याहारीला पानगी करा. तांदळाचं आणि नाचणीचं पीठ निम्मं निम्मं, किसलेली काकडी, ओलं खोबरं, चवीपुरतं मीठ, पाणी घालून सरसरीत. केळीच्या पानावर पातळ थापायचं, वरून दुसरं पान, आणि तव्यावर. पान तपकिरी झालं की उलटायचं. तेल लागत नाही, तवा घासावा लागत नाही. मुलांच्या वाटणीत थोडा गूळ घालता येईल. पान सोललं की त्याच्या रेघा पानगीवर उमटलेल्या असतात. लहानपणी मी त्या रेघा मोजत बसायचे आणि पानगी गार व्हायची.

सुरण निखाऱ्यात पुरायचा विचार असेल तर पूर्ण मऊ होईपर्यंत काढू नका. कच्चट राहिला तर त्यातल्या ऑक्झलेटच्या सुयांनी घसा खवखवतो. सोबत कोकम असू द्या. कणगरं (रताळ्यासारखे छोटे कंद) मिळाली तर सोन्याहून पिवळं. सालासकट भाजा, नुसती खा. मात्र रानातला अनोळखी कंद कुणी कितीही खात्रीने दिला तरी नको.

सागरगोटा (११ डिसेंबर, दुपारी २.१०)

कणगरांवरून आठवलं, कुणी फणसाच्या आठळ्या भाजत नाही का आता? आजोळी मे महिन्यात धुऊन वाळवून मातीत घोळवून ठेवायचे आणि पावसात रात्री चुलीच्या राखेत भाजायचे. मीठसुद्धा लागायचं नाही.

पोफळवाट (११ डिसेंबर, दुपारी २.३०)

आठळीला आधी टोचा मारा हो! आमची एक अशी फुटली की मांजर दोन दिवस माजघरात आलं नाही.

माजघर (११ डिसेंबर, दुपारी २.४५)

माजघरात सगळ्यांचं स्वागत आहे, मांजराचंही. :)

आठळ्या आई अजून ठेवते. गॅसवर तव्यात भाजते हल्ली. म्हणते, राखेतली चव नाही, पण खोकलाही नाही.

आगरवाट (११ डिसेंबर, संध्याकाळी ६.००)

धागा फणसावर गेला. रानजाई, भांबुर्डी ओळखता येईल का? नाही आली तर स्थानिकांना विचारून घे. दुसरा कुठलाही रानपाला अंदाजाने कोंबू नका. मिळालाच नाही तर केळीची पानं दुमडून कोंबा. वास तो येणार नाही, पण पोपटी होईल.

रानजाई (१८ जानेवारी, रात्री ९.४५)

मंडळी, आलो परत! ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. जे झालं ते सगळं सांगते.

पोहोचायला साडेपाच झाले. मावसभावाने करवंट्यांचं पोतं भरून ठेवलं होतं. पहिल्या रात्री पाटपाणी यांची पिठी आणि नाचणीची भाकरी. पिठी फक्कड झाली. भाकरीच्या पहिल्या दोन करपल्या, कारण मी घाई केली, ज्वाळा असतानाच तवा ठेवला. मग हिरवाचाफा यांचं ऐकून पाऊण तास थांबले. निखाऱ्यावर राख धरली तशा भाकऱ्या टम्म फुगायला लागल्या. तेवढ्या वेळात मुलं आणि बाबा किनाऱ्यावर अंधारात फिरून आले. कासव दिसलं नाही, पण टॉर्च कुणीही लावला नाही.

पानगी नऊ जणांना पुरेना. पुढच्या वेळी पीठ दुप्पट.

दुसऱ्या संध्याकाळी हर्णे. लिलाव बघून धाकटीने तिथेच "तीनशे, तीनशे" ओरडायला सुरुवात केली. बांगडे घेतले, तिथूनच बर्फात. आमसुलाचं पाणी, हळद, तिरफळ. पान उघडल्यावर जो वास सुटला तो मी शब्दांत लिहू शकत नाही. बाहेरचं पान कोळसा झालेलं आणि आत मासा पांढराशुभ्र, रसरशीत.

पोपटीची दोन मडकी लावली. वहिनींचं मावसभावाच्या आजीचं जुनं मडकं, ते उत्तम निघालं. दुसरं दापोलीच्या बाजारातून नवं घेतलं होतं. आगरवाट, तुम्ही सांगूनही मी ते फक्त एक दिवस वाळवलं. वीस मिनिटांनी तडा गेला. आतलं वाया गेलं नाही, पण वाफ निघून गेली आणि एका बाजूचे बटाटे कच्चे राहिले. ते राखेत पुरून वेगळे भाजले. शेंगा पावट्याच्या मिळाल्या, वालाच्या नाहीत. भांबुर्डी शेजारच्या काकूंनी स्वतः बांधावरून उपटून आणून दिली आणि त्या जेवायलाही थांबल्या.

बाबांनी दाणे सोलून खाल्ले, एक बांगडा, रताळ्याच्या दोन फोडी. सकाळी उपाशीपोटी साखर तपासली, घरी असते तेवढीच होती. मागच्या वर्षी याच वेळी आम्ही दवाखाना शोधत होतो. ते काही बोलले नाहीत, फक्त मशीनचा आकडा मला आणून दाखवला.

निघताना तीन बादल्या पाणी ओतलं, ढवळलं, हात लावून पाहिलं.

हिरवाचाफा (१८ जानेवारी, रात्री १०.१०)

फार छान वाटलं. एका सकाळचा आकडा आहे आणि दोन दिवसांचं चालणंही त्यात आहे, पण बाबांचा आनंद खरा आहे. दोन तासांनंतरची साखरही पाहिली असेल तर कळव.

खाडीपल्याड (१८ जानेवारी, रात्री १०.३०)

धाकटीला बंदरावर नोकरी पक्की. :)

आगरवाट (१९ जानेवारी, सकाळी ७.५०)

तडा गेला तेव्हा वर ओल्या मातीचा लपका मारायचा होता, वाफ थोडी थोपते. असो. पावट्याची पोपटी वाईट नसते, पण आता एकदा वालाची खायला आमच्याकडे या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शेंगा आहेत. मडकं माझं.

माजघर (१९ जानेवारी, दुपारी १२.२०)

रानजाई, तुझा प्रतिसाद आईला पूर्ण वाचून दाखवला. पिठीपाशी मान डोलावली. करपलेल्या भाकऱ्यांपाशी हसली. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "चुलीचं तोंड कुठल्या अंगाला केलं होतं?"

रानजाई (१९ जानेवारी, दुपारी १.०५)

काकूंनी नेमकं ओळखलं! पहिल्या रात्री तोंड वाडीच्या बाजूला होतं, समुद्राचा वारा चुलीच्या पाठीवरून येत होता आणि सगळा धूर माझ्या तोंडावर. डोळे चोळत भाकऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी फिरवली, तर रात्री उशिरा वारा उलटा झाला आणि पुन्हा तेच.

माजघर (१९ जानेवारी, दुपारी १.४०)

आई सांगते ते जसंच्या तसं लिहिते:

"रांधणारीने वारा पाठीशी घ्यायचा, अगदी सरळ नाही, जरा तिरका. म्हणजे जाळ आत ओढतो आणि धूर पलीकडे जातो. समुद्राकाठी दिवसाचा वारा पाण्याकडून येतो आणि रात्री जमिनीकडून सुटतो, म्हणून रात्रीचं सगळं रांधणं वारा फिरायच्या आत उरकायचं. आम्हाला चूल हलवता यायची नाही, ती भिंतीला लिंपलेली. तुझी तर तीन दगडांची. हलवायची की, पोरी."